शाम्पू बार: वेष्टनाची मागची बाजू आधी वाचा

शाम्पूची वडी वापरली की प्लास्टिकची बाटली वाचते, हे खरं. पण ‘शाम्पू बार’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. घटकांत ‘सोडियम कोकोएट’ किंवा ‘सोडियम पामेट’ दिसलं, तर तो साबणच. पीएच ९-१० च्या घरात, म्हणजे अल्कधर्मी. जड (क्षारयुक्त) पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर बनतो आणि केस धुऊनही मेणचट लागतात. विक्रेते त्याला ‘केसांना सवय व्हायचा काळ’ म्हणतात. कसली सवय? साचलेला थर आहे तो! मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटी ओतलं की बराचसा निघतो. त्यापेक्षा दुसरा प्रकार, म्हणजे साबणाऐवजी ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ हा फेस करणारा घटक असलेला बार घ्या, जड पाण्यातही नीट फेसाळतो.

वडी केसांवर घासत बसू नका, गुंता होतो. तळहातावर फेस करून लावा. ठेवायची ती जाळीच्या साबणदाणीत, पाण्याच्या धारेपासून लांब, नाहीतर अर्धीअधिक गाळ होऊन वाहून जाते आणि सगळी बचत तिथेच संपते. मोठी वडी सुरीने कापून एकेक तुकडा वापरावा. रंगवलेल्या केसांना साबणाचा बार नकोच, रंग लवकर उतरतो.