शरदातली क्रूझ: क्वेबेक-बोस्टन की एड्रियाटिक?

सप्टेंबर-ऑक्टोबरात क्रूझ करायची, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि जुन्या बंदरांत उतरून फिरायचं, एवढं ठरलं की सहसा दोन मार्गांवर येऊन गाडी अडते. एक उत्तर अमेरिकेचा पूर्व किनारा: क्वेबेक, हॅलिफॅक्स, बार हार्बर, बोस्टन. दुसरा एड्रियाटिक समुद्र, म्हणजे क्रोएशिया आणि माँटेनेग्रोचा किनारा: स्प्लिट, डुब्रोव्हनिक, कोटोर. जाहिरातीत दोन्हीकडे ‘शरद’ आणि ‘इतिहास’ हेच दोन शब्द चमकत असतात. प्रत्यक्षात अमेरिकेकडे माणूस ऋतू बघायला जातो, बंदरं जोडीला मिळतात. एड्रियाटिकला बंदरांसाठीच जायचं. शरदाचा फायदा इतकाच की उन्हाळ्यातली गर्दी आणि उकाडा ओसरलेला असतो.

आधी रंगांचं बघू, कारण फसगत तिथेच होते. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि मुळात असलेला पिवळा दिसायला लागतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. त्यासाठी लख्ख ऊन आणि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री लागतात. त्यामुळे वर्षभर आधी बुकिंग करताना कुणीही नेमकी तारीख छातीठोक सांगू शकत नाही. ढोबळमानाने क्वेबेकच्या बाजूला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर (बार हार्बर तिथेच) ऑक्टोबरचा मध्य आणि बोस्टनला त्याहून थोडं उशिरा. शिवाय उघड्या समुद्रात असताना डेकवरून रंगबिंग फारसे दिसत नाहीत. ते दिसतात सेंट लॉरेन्स नदीतून जाताना आणि मार्गात असेल तर सॅग्ने फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीत. म्हणून बोस्टनहून निघून बोस्टनलाच परतणाऱ्या फेरीपेक्षा क्वेबेकहून दक्षिणेला येणारी एकेरी सफर मला केव्हाही सरस वाटते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालात तर रंग आणि जहाज साधारण एकाच दिशेने सरकतात.

एड्रियाटिकला हा प्रश्नच नाही. किनाऱ्यावर पाइन, सायप्रेस, ऑलिव्हची झाडं. सगळं बारमाही हिरवं. त्याबदल्यात सप्टेंबरअखेरपर्यंत समुद्रात पोहता येतं, जे मेनच्या पाण्यात करायला हिंमत लागेल.

बंदरांची तुलना करताना मी आधी एकच गोष्ट बघतो: जहाज लागतं तिथून इतिहास किती लांब आहे? सकाळी उतरून संध्याकाळी परतायचं असतं, त्यात दीड तास बसमध्ये गेला की दिवस हातचा गेला. या बाबतीत क्वेबेकला तोड नाही. 1608 मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्दीने वसवलेलं हे शहर, तटबंदी अजून शाबूत, आणि धक्का जुन्या वस्तीच्या पायथ्याशी. वर 1893 चं शातो फ्राँतनॅक हे किल्ल्यासारखं हॉटेल. चढ नको असेल तर फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावरून दोराने ओढला जाणारा डबा, आहे. जहाज तिथे रात्रभर थांबणार असेल तर जास्तीचे पैसे मोजायलाही हरकत नाही.

हॅलिफॅक्सला क्रूझच्या धक्क्याला लागूनच पिअर 21 आहे. 1928 ते 1971 या काळात कॅनडात येणारे असंख्य लोक इथे उतरले. आता तिथे संग्रहालय आहे. पण वेळ एकाच ठिकाणी द्यायचा तर फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीला द्या. टायटॅनिकवरच्या 121 जणांच्या कबरी तिथे आहेत. करड्या दगडांच्या वळणदार रांगा, दगडांवर 15 एप्रिल 1912 हीच तारीख पुन्हा पुन्हा, आणि कित्येकांवर नावाऐवजी फक्त क्रमांक. बार हार्बर देखणं आहे, पण मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींतून उतरावं लागतं. शिवाय गावकऱ्यांनी 2022 मध्ये दिवसाला 1,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा मतदानाने मंजूर केली, त्यामुळे हे बंदर तुमच्या मार्गात नक्की आहे ना, ते विचारून घ्या. बोस्टन तर जमिनीवरून कधीही करता येईल.

आता एड्रियाटिक. स्प्लिटला रोमन सम्राट डायोक्लेशियनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या राजवाड्यात आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात. डुब्रोव्हनिकला मात्र जहाजं ग्रूझ बंदरात लागतात, जुनं शहर तिथून सुमारे तीन किलोमीटर. 1,940 मीटरच्या तटबंदीवरून पूर्ण फेरी मारायची तर सकाळी दार उघडताच पोचा. पावसात स्त्रादुन या मुख्य रस्त्याच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, तेव्हा बूट चांगले हवेत. कोटोरला गावापेक्षा खाडीत शिरतानाचा वेळ मोलाचा. वेरिगेजवळ दोन किनाऱ्यांतलं अंतर जेमतेम 340 मीटर उरतं. अलार्म लावून उठा. किल्ल्याच्या 1,350 पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच नमस्कार.

‘व्हेनिसहून सुटणारी’ असं लिहिलेलं असेल तर बंदराचं नाव तपासा. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना जुडेक्का कालव्यात बंदी आहे, आणि अशा सफरी बऱ्याचदा त्रिएस्ते किंवा रावेन्नाहून निघतात.

हवामानाची जोखीम अमेरिकेकडे जास्त. अटलांटिकच्या चक्रीवादळांचा जोर सप्टेंबरातच असतो. 2022 च्या सप्टेंबरात फियोना वादळाने नोव्हा स्कोशियाला, म्हणजे हॅलिफॅक्सच्या प्रांताला, झोडपलं होतं. कप्तानाने बंदर गाळलं तर बहुधा फक्त बंदराचं शुल्क परत मिळतं. एड्रियाटिकला बोरा वारा अधूनमधून त्रास देतो, पण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सहसा निभावतं.

राहिला व्हिसा, आणि भारतीय पासपोर्टवर खरा निकाल तिथेच लागतो. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांची सफर नेता येत नाही, आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी नोंदणीचीच. म्हणजे कॅनडाचं बंदर येणारच, आणि दोन्ही व्हिसा हवेत. तिकडे क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, माँटेनेग्रो बाहेर. पण वैध शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं. फक्त अर्ज करताना मल्टिपल एंट्री मागा, नाहीतर कोटोरहून परत शेंगेनमध्ये येताना पंचाईत. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आधीच पासपोर्टवर असेल तर क्वेबेकचा विचार जरूर करा. नसेल आणि याच वर्षी जायचं असेल, तर एड्रियाटिकचं बुकिंग करून मोकळे व्हा.