बीपीचं मशीन: चार तारे, एक पट्ट्यापायी कापला

बाळंत होऊन घरी आल्यावर चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. सासूबाई म्हणाल्या, जागरणानं होतं गं. तरी मशीन लावलं: 168/112. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. रिक्षा करून दवाखाना गाठला. बीपी असं वाढलं की बाळंतपणानंतरही झटके (फिट) येऊ शकतात, हे तिथे कळलं. ते टाळायला दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेटची सुई, आई गं! औषध अंगात जास्त तर होत नाही ना, म्हणून सिस्टर येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या, पाय उडतोय ना. झटका आला नाही.

आकडे दवाखान्यातल्या मशीनशी जुळले. सोबतचा पट्टा मात्र माझ्या दंडाला अपुरा. मोठा आधीच वेगळा मागवला होता. लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतं. आणि सेलसुद्धा सोबत देत नाहीत!