पंधरा दिवसांत उतरलेली ‘तीन महिन्यांची साखर’

शनिवारी सोसायटीच्या फाटकावर फ्लेक्स लागतो: मधुमेह तपासणी शिबिर, तीन महिन्यांची साखर फक्त 99 रुपयांत. रविवारी सकाळी दोन टेबलं, पांढरे कोट घातलेली चार पोरं आणि एक ‘डॉक्टरसाहेब’. बोटाला टोचतात, थेंब पट्टीवर घेतात, पाच सेकंदांत मशीनवर आकडा उमटतो. थोड्या वेळानं छापील रिपोर्ट हातात येतो: एचबीएवनसी, म्हणजे हीच ‘तीन महिन्यांची साखर’, 8.4. सोबत पंधरा दिवसांचं चूर्ण, चार आकडी किंमत, क्यूआर कोड समोरच ठेवलेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी, आता 6.3. माणूस हरखतो, वर्षाचा कोर्स घेतो आणि चालू गोळ्या बंद करतो. पैसे गेलेले असतातच, पण तब्येतीची वाट लागायला सुरुवात होते ती इथून.

या फसवणुकीची कळ एका सूत्रात आहे, आणि गंमत म्हणजे ते सूत्र खरं आहे. एचबीएवनसीवरून साखरेची सरासरी काढताना आकड्याला 28.7 ने गुणतात आणि 46.7 वजा करतात. म्हणजे 7 ला सुमारे 154, 8 ला 183, 9 ला 212. शिबिरवाले हेच गणित उलटं चालवतात. पोहे, चहा, वर एखादी जिलबी खाऊन आलेल्या माणसाची पट्टीवरची साखर 195 भरते. त्यात 46.7 मिळवा, 28.7 ने भागा: 8.4. झाला रिपोर्ट! दुसऱ्या खेपेला ‘उपाशीपोटी या’ असं बजावून सांगतात. साखर येते 134, उलट्या गणितानं 6.3. चूर्णानं काहीच केलेलं नसतं. फरक पडतो तो जिलबीचा. आणि उपाशीपोटी 134 हा आकडा मुळात चांगला नाहीच. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाच्या हद्दीत. ज्या आकड्यावर पेढे वाटले जातात तोच खरं तर डॉक्टरांना दाखवायचा असतो.

पट्टीचं मशीन त्या क्षणाची साखर मोजतं. बोटाला गोड लागलेलं असेल तर तीही मोजतं, म्हणून आधी हात साबणानं धुऊन कोरडे करायचे असतात. एचबीएवनसी वेगळीच गोष्ट आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी जगेल तोवर सुटत नाही. पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवस, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. त्यातला निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, उरलेला त्याआधीचा. समजा एका रात्रीत साखर अगदी नॉर्मल झाली, तरी पंधरा दिवसांनी बहुतेक पेशी जुन्याच, जुनी साखर अंगावर घेऊन फिरणाऱ्या. 8.4 चे फार तर साडेसातच्या आसपास होतील. 6.3? शक्य नाही. म्हणूनच डॉक्टर ही तपासणी तीन महिन्यांनी करायला सांगतात. 8.4 चे 8.2 झाले तर तो फरक नुसता मशीनचाही असू शकतो.

खऱ्या तपासणीला दंडाच्या शिरेतून दोन-तीन मिली रक्त घेतात, जांभळ्या बुचाच्या नळीत. नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीपालटी करतात, नाहीतर रक्त गोठतं. उपाशी राहायची गरज नसते. लॅबमध्ये साधारण 300 ते 600 रुपये पडतात. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते. ती एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पद्धत) असेल तर मशीन आलेखही काढतं: लहान-मोठे उंचवटे, खाली प्रत्येकाचं क्षेत्रफळ, सॅम्पल नंबर, तारीख, वेळ. हा आलेख मागून घ्या आणि शेजाऱ्याच्या रिपोर्टशेजारी ठेवा. एकूण क्षेत्रफळाचा सहा-सात आकडी आकडा दोन माणसांचा तंतोतंत सारखा आला, तर एकच आलेख नाव बदलून चिकटवलाय असं समजा. रिपोर्टमधली ‘सरासरी साखर’ आणि टेबलावरच्या मशीनचा आकडा एकच निघाला, तर वरचं उलटं गणित झालंय. आणि वरच्या सूत्रात एचबीएवनसी घालून सरासरीचा मेळच बसत नसेल, तर त्या मंडळींनी तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

बोटाच्या थेंबावर एचबीएवनसी काढणारी खरी यंत्रं असतात, नाही असं नाही. पण त्यांना साखरेची पट्टी चालत नाही, वेगळं काडतूस लागतं आणि निकालाला काही मिनिटं जातात. त्या आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारून घेऊ नका. लॅबमध्ये खात्री करा. 5.7 च्या आत नॉर्मल, 5.7 ते 6.4 मधुमेहपूर्व आणि 6.5 पासून पुढे मधुमेह. त्रासाची लक्षणं नसतील तर डॉक्टरही दुसऱ्या तपासणीनं पक्कं केल्याशिवाय निदान करत नाहीत. हातात धातूची दांडी धरायला लावून रक्ताविना चाळीस पानी रिपोर्ट देणाऱ्या ‘क्वांटम’ यंत्राबद्दल काय बोलावं!

आता याहून बेरकी प्रकार. कधी दोन्ही रिपोर्ट नामांकित लॅबचे असतात आणि आकडा खरोखर उतरलेला असतो. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीएवनसी खोटीच जास्त येते. कोर्ससोबत लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की साखर तशीच राहूनही आकडा खाली येतो आणि श्रेय चूर्णाला जातं. रक्तस्राव झाला, रक्त चढवलं, डायलिसिस चालू आहे, पेशी लवकर फुटताहेत, तर आकडा फसवा, बहुधा कमी येतो. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष बऱ्याच जणांत आढळतो, त्यानंही आकडा फसतो. थॅलेसेमियाही तसाच घोळ घालतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघावी, किंवा मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करावी. म्हणून जाहिरातीतला ‘आधी-नंतर’ रिपोर्ट दिसला की पहिला प्रश्न विचारा: दोन्ही वेळचं हिमोग्लोबिन किती होतं?

चूर्णानं खरंच साखर उतरली तर जास्त सावध व्हा. अशा चूर्णांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या, विशेषतः ग्लिबेनक्लामाइड, कुटून मिसळलेल्या सापडल्या आहेत. मात्रा कुणालाच ठाऊक नसते. घाम, थरथर, छातीत धडधड, बरळणं ही साखर एकदम पडल्याची खूण. वयस्कर किंवा किडनीच्या रुग्णाला ती तासन्‌तास सोडत नाही. टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानं बंद आहे, म्हणजे फ्लेक्सवर तसा दावा असेल तर तोच पुरावा. त्याचा फोटो काढून ठेवा. लॅबच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. सहीखाली नोंदणी क्रमांक नसेल तर तिथंच थांबा. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा शिक्का असेल तर प्रमाणपत्र क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर ताडून पाहा, आणि त्या लॅबच्या मान्य तपासण्यांत एचबीएवनसी आहे का तेही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, ग्राहक तक्रारीसाठी 1915. चूर्णाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करा. घेणं थांबवा, पण डबा टाकू नका. लेबल, बॅच नंबर आणि उरलेलं चूर्ण तसंच ठेवा. बंद केलेल्या गोळ्या मनानं सुरू करण्याआधी डबा डॉक्टरांना दाखवा, कारण आत काही मिसळलेलं असेल तर गोळ्यांची मात्रा त्यांना त्या हिशेबानं बसवावी लागेल.