संत कॅलिक्स्टस भुयारी दफनभूमी, रोम : मार्गदर्शकासह फेरी

आप्पियन मार्गावरील या दफनभूमीत मार्गदर्शकाविना प्रवेश मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. सम्राट व्हॅलेरियनने २५७ साली ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जमण्यास मनाई केली, तरीही मंडळी प्रार्थनेसाठी एकत्र येत राहिली आणि ६ ऑगस्ट २५८ रोजी पोप दुसरे सिक्स्टस चार डीकनांसह (चर्चच्या साहाय्यक धर्मसेवकांसह) दफनभूमीतच मारले गेले, ही हकिगत पोपांच्या दालनात, थडग्यांवरील ग्रीक अक्षरांसमोर ऐकताना अंगावर काटा येतो. (ख्रिस्ती लोक इथे लपून राहत असत, हा समज मात्र निराधार आहे.) अरुंद बोळांत सामान्यांच्या कबरीही त्याच मऊ दगडात कोरलेल्या दिसतात. आत छायाचित्रणास बंदी आहे. भर उन्हाळ्यातही गारवा असतो, म्हणून शाल सोबत ठेवावी; गुडघेदुखी असणाऱ्यांनी जिन्यांचा विचार करूनच तिकीट काढावे.