दरमहा येणारं 'व्याज' नेमकं कुठून येतं?

निवृत्त माणसाला फसवणारा धाकदपटशा करत नाही, तो महिन्याच्या महिन्याला पैसे देतो. पेन्शन ठरलेली, खर्च मात्र चढता. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तरी 12 वर्षांत तोच खर्च दुप्पट होतो. त्यात निवृत्तीची रक्कम एकदम हातात आलेली. 'दरमहा 3 टक्के, मुद्दल सुरक्षित' हे गाजर बरोबर इथेच दाखवलं जातं.

कागद-पेन्सिल घ्या. तुम्ही 100 भरले. एजंटाचे 10 गेले, योजनावाल्याने 20 खिशात घातले, उरले 70. कुठेही छदाम न गुंतवता महिना 3 प्रमाणे ते 23 महिने पुरतात. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं पासबुकात ठरल्या तारखेला जमा दिसते आणि ते तुमचंच मुद्दल असतं. नवी गिऱ्हाइकं येत राहिली तर खेळ आणखी लांबतो. 'वेळेवर मिळतंय की!' याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही, ती यामुळेच. मेव्हण्याला, जुन्या सहकाऱ्याला माणूस भरीस पाडतो तेही याच काळात.

असाच खेळ मांडणाऱ्या चार्ल्स पॉन्झीने 1920 मध्ये अमेरिकेत बोस्टनला 45 दिवसांत 50 टक्के कबूल केले होते; तेवढ्याने निदान शंका तरी यावी. तिथेच हाच खेळ करून 2008 मध्ये पकडल्या गेलेल्या बर्नार्ड मॅडॉफचे परतावे माफक होते, पण वर्षानुवर्षं कमालीचे एकसारखे. मॅडॉफ प्रकरणात भरपाई ठरवताना स्टेटमेंटवरचा फुगलेला आकडा धरला नाही. भरलेले वजा काढलेले, एवढाच हिशेब. उलट भरल्यापेक्षा जास्त काढलेल्यांवर वसुलीचे दावे लागले.

भिंतीवर फ्रेम केलेलं कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. परवाना नियामकाच्या (रिझर्व्ह बँक, सेबी) यादीत स्वतः शोधा, एजंटाच्या लिंकवरून नको. पैसे आधीच भरले असतील तर पाव हिस्सा मुद्दल लेखी परत मागा. 'आत्ता काढू नका, दर वाढवून देतो', 'ऑडिट चालू आहे', 'आधी कर भरा, मग रक्कम सुटेल' यातलं काहीही ऐकू आलं तर त्याच दिवशी तक्रार द्या. सोबत पावत्या, चॅट, खात्याचा उतारा. (कर खरंच लागत असता तर त्याच रकमेतून कापून घेता आला असता.)

योजना बुडाली की काही दिवसांनी आणखी एक फोन येतो: 'पैसे सोडवून देतो, फी आधी.' त्याला तुमची रक्कम, भरल्याची तारीख सगळं पाठ असतं. बुडालेल्यांची यादीसुद्धा विकली जाते.