आय-20 एन लाइन की व्हर्टस जीटी? वरूडच्या रस्त्यांवर उभं राहून केलेली तुलना

आंबिया बहाराच्या संत्र्यांचे पैसे हाती आले की आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात ट्रॅक्टर येतो, नाहीतर बोलेरो. यंदा मावसभावाचा फोन आला, "भाऊ, पळणारी गाडी पायजे. एन लाइन घेऊ का व्हर्टस?" म्हणजे ह्युंदाईची आय-20 एन लाइन ही हॅचबॅक, की फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी ही सेडान.

आधी एक गोष्ट मान्य करू. दोन सीटची खरी स्पोर्ट्स कार आपल्या पैशात इथं मिळत नाही. माझदाच्या एमएक्स-5 चं उत्पादन 2016 मध्येच दहा लाखांवर गेलं, पण ती भारतात कधी विकायला आली नाही. आपल्यासाठी स्पोर्ट्स कार म्हणजे रोजच्याच गाडीत बसवलेलं टर्बो इंजिन, म्हणजे हवा दाबून आत घेणारं, लहान असून जास्त ताकद देणारं.

अशा गाड्या आपल्याकडे फार दिवस टिकत नाहीत. बलेनो आरएस 2017 ला आली, 2020 ला गेली. टियागो जेटीपी 2018 ते 2020. पोलो 2022 मध्ये बंद झाली. 2024-25 मध्ये देशात सुमारे 43 लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यात शंभरातल्या 65 एसयूव्हीसारख्या युटिलिटी वर्गातल्या. उरलेल्यांत टर्बो हॅचबॅक घेणारे किती असणार! म्हणून वेग पाहायच्या आधी सुटे भाग पाहा. माझ्याकडे बंद झालेल्या मॉडेलची एक टर्बो होती. रात्री रोही (नीलगाय) आडवा आला, डावा हेडलाइट फुटला. नवीन यायला दोन महिने लागले. तोवर अंधार पडला की गाडी घरीच.

या कसोटीवर एन लाइन पुढे आहे. तिचं 1 लिटरचं टर्बो (ताकद 120 पीएस, ओढ 172 न्यूटन मीटर) ह्युंदाईच्याच व्हेन्यूतही असतं आणि दारं-काचा साध्या आय-20 च्याच. व्हर्टसचं 1.5 लिटरचं टीएसआय टर्बो इंजिन टायगुन, स्लाव्हिया, कुशाक या गाड्यांतही आहे, पण आपल्या तालुक्यात त्या कितीशा दिसतात?

पळण्यात मात्र व्हर्टसचा हात धरणं कठीण. 150 पीएस, 250 न्यूटन मीटर. समृद्धीवर ट्रक ओलांडताना गिअर न पाडताही ती ओढते, आणि 120 च्या मर्यादेत चार माणसं बसवूनही दमत नाही. 179 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सेडानला भरपूरच. पण लांबी साडेचार मीटरच्या वर. पांदण रस्त्यावर पावसाळ्यात काळी माती चाकाला लागली, की समोरून आलेल्या बैलबंडीला वाट देताना ती लांबी कळते. एन लाइनचं सस्पेन्शन कडक आहे, खड्ड्यात मागच्या सीटवर म्हातारे आई-वडील असतील तर तक्रार येणारच. तरी चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि रात्री रोही-डुकरांच्या रस्त्यावर त्याची किंमत मला पक्की ठाऊक आहे.

पैशाचं अंतर करानं वाढवलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के जीएसटी, व्हर्टसला 40. म्हणून छोट्या टर्बोंना अजून काही वर्षं मिळतील असं मला वाटतं. पुढचा वेग बॅटरीवरच जाणार: महिंद्राच्या बीई 6 ची मोठी बॅटरी शून्यापासून शंभरला 6.7 सेकंदांत पोचते असा कंपनीचा दावा आहे, आणि विजेच्या गाडीला जीएसटी 5 टक्केच. पण घरच्या लाइनचा भरवसा नसेल तर आज तिच्या वाटेला जाऊ नका.

मावसभावाला मी एन लाइन सांगितली, तीही मॅन्युअल. महिन्यातून चार वेळा नागपूर-पुणे करणारा असता तर व्हर्टस सांगितली असती. टेस्ट ड्राइव्हला मात्र काकांना मागं बसव आणि गाडी शोरूमसमोरच्या सिमेंट रोडवर नको, शेताच्या रस्त्यावर ने, एवढं त्याला बजावलंय. रविवारी जातोय तो.