दुबई सोडताना घेतलेलं 'एक्झिट पॅकेज': पैसे वसूल झाले का?

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापला ते खाली येईलच. सेंटरचं नाव लिहीत नाही, दुबईच्या करामा भागात अशी टायपिंग सेंटरं, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारी दुकानं, ओळीने आहेत आणि पॅकेज सगळ्यांकडे साधारण तेच असतं: फॅमिलीचे व्हिसा कॅन्सल, इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद बंद, देवाचं म्हणजे लाइट-पाण्याचं कनेक्शन बंद, आणि "तुमच्या व्हिसा कॅन्सलेशनला गायडन्स".

तर त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण लोक तिथेच फसतात. तुमचा स्वतःचा वर्क व्हिसा कुठलंच सेंटर कॅन्सल करू शकत नाही, तुम्हीही नाही. ते काम कंपनीचं. कंपनी आधी कामगार मंत्रालयात, म्हणजे आपण सगळे ज्याला मोहरे म्हणतो तिथे, तुमचं लेबर म्हणजे कामाचा परवाना कॅन्सल करणार आणि मग इमिग्रेशनकडे रेसिडन्सी, म्हणजे राहण्याचा परवाना. सेंटरच्या हातात असतात ते फक्त तुम्ही स्पॉन्सर केलेल्यांचे व्हिसा. माझ्या केसमध्ये नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसावर होते. काउंटरवर पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, हजबंड कुठे आहेत, स्पॉन्सरची सही लागेल". म्हटलं, दादा, स्पॉन्सर तुमच्यासमोरच बसलीय. मग जरा हसला बिचारा आणि कामाला लागला.

आणि कामाला लागल्यावर मात्र माणूस एक नंबर निघाला. सगळीकडे बोर्ड काय असतो, "सेम डे कॅन्सलेशन", "अर्जंट". मीही तेच मागायला गेले होते. तर हा म्हणाला, "मॅडम, जल्दी किसको है, आपको या कंपनी को?" आणि तिथून पुढे त्याने जे सांगितलं त्यासाठीच मी साडेतीन स्टार देतेय. कॅन्सलेशन सिस्टीममध्ये पडलं की घड्याळ सुरू होतं, ग्रेस पीरियड, म्हणजे देश सोडायला मिळणारी मुदत, मोजायला लागतो. पूर्वी सरसकट 30 दिवस मिळायचे, 2022 च्या शेवटी नियम बदलले तेव्हापासून व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे दिवस ठरतात, काहींना 180 दिवसांपर्यंतही मिळतात. तुम्हाला किती मिळालेत ते मित्राला विचारून ठरवू नका, कॅन्सलेशनच्या कागदावर तारीख छापलेली असते तीच खरी. त्यानंतर राहिलात तर दर दिवसाला, दर माणसामागे 50 दिरहम दंड. म्हणजे घर रिकामं करायचंय, मुलीची शाळा संपायचीय, सामानाची शिपिंग ठरायचीय, आणि तुम्ही एक्स्ट्रा पैसे भरून ते घड्याळ लवकर चालू करून घेताय! आमच्यासारख्यांनी अर्जंटचा चार्ज कशासाठी भरायचा?

क्रम मात्र पक्का: फॅमिली आधी, तुम्ही नंतर. डिपेंडंट अजून तुमच्या फाइलवर असले तर तुमचा व्हिसा कॅन्सल होत नाही, आणि कंपनीचा पीआरओ, म्हणजे तिची सरकारी कामं करणारा माणूस, हे आयत्या वेळी सांगतो. दुसरी नोकरी धरून इथेच राहणार असाल तर फॅमिलीचा व्हिसा होल्डवर ठेवता येतो, आम्ही कायमचेच निघालो होतो त्यामुळे तो प्रश्न नव्हता. दोघांचं काम आमेर सेंटरच्या, म्हणजे दुबईतल्या व्हिसाच्या सेवा केंद्राच्या, सिस्टीममधून विनातक्रार झालं, पीडीएफ मोबाइलवर. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकरच लागत नाही, एमिरेट्स आयडी हीच रेसिडन्सी, त्यामुळे "कॅन्सलेशनसाठी पासपोर्ट ऑफिसात ठेवून जा" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, पासपोर्ट अडकवून ठेवायची कंपनीला कायद्यातही परवानगी नाही.

आता कंपनीची बाजू, जिचा पॅकेजशी संबंध नाही पण डोक्याला सगळ्यात जास्त ताप तिचाच झाला. लेबर कॅन्सलेशनच्या फॉर्मवर सही करायची असते (आता मोबाइलवरही होते) आणि त्यात लिहिलेलं असतं की माझे सगळे पैसे मला मिळाले. आमच्या एचआरचं म्हणणं, आधी सही करा, सेटलमेंट पुढच्या आठवड्यात. अहो मिळालेच नाहीत तर मिळाले कसं लिहू? मी सांगितलं, हिशोबाचा कागद आणि ट्रान्सफर दाखवा, सही लगेच करते. बरेच दिवस ताणाताणी झाली. शेवटी कायदा काढून दाखवला, 2021 चा लेबर लॉ, 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू, त्यात काँट्रॅक्ट संपल्यापासून 14 दिवसांत सगळं देणं चुकतं करायचं लिहिलंय. मग सूर बदलला.

ग्रॅच्युइटीचा हिशोब पण स्वतः करून जा. वर्ष पूर्ण झालेलं असलं की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा बेसिक पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. बेसिक, हां, पूर्ण पगार नाही. हातात 10,000 येत असले आणि बेसिक 6,000 असलं तर दिवसाचे 200, म्हणजे वर्षाला 4,200 दिरहम. "तुम्ही राजीनामा दिला म्हणून एक तृतीयांशच मिळेल" हे जुन्या कायद्यातलं आहे, नव्यात ती कपात नाही, पण काही एचआरवाले अजून तेच ऐकवतात. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. आणि अजिबातच ऐकत नसतील तर मोहरेकडे तक्रार करा, 2024 पासून 50,000 दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालय स्वतःच निकाल देतं.

दीड स्टार कुठे गेला? एक, बँकेबद्दल या पॅकेजवाल्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट तीच. क्रेडिट कार्ड किंवा लोन असेल तर शेवटचा पगार जमा झाला की बँक पैसे अडवून ठेवू शकते. कार्ड बंद करून क्लिअरन्स लेटर हातात पडायला महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून नोटीस पीरियड सुरू झाला त्याच आठवड्यात ते काम काढा. थकवून निघून जाऊ असा विचार कुणी करत असेल तर केस होऊन ट्रॅव्हल बॅन लागला की एअरपोर्टवरच अडकाल. मला हे ऑफिसातल्या एका सिनियर ताईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं.

दोन, बिल. सरकारी फी आणि त्यांचा सर्व्हिस चार्ज एकाच आकड्यात गुंडाळून देतात. मी वेगळं करून मागितलं तेव्हा काउंटरवरचा सज्जन माणूस गप्प आणि आतला मालक नाराज. शेवटी दिलं करून, पण मागावं का लागतं? शिवाय देवा बंद करायचं काम देवाच्याच ॲपवर आपण घरबसल्या करू शकतो, फ्लॅटला 2,000 दिरहम डिपॉझिट असतं, त्यातून शेवटचं बिल वजा होऊन उरलेलं बँकेत येतं. म्हणजे ते येईपर्यंत बँक अकाउंट बंद करायचं नाही, आणि हेसुद्धा पॅकेजमध्ये कुणी सांगत नाही. इजारीचं काम मात्र त्यांनी घरमालकाच्या मागे लागून केलं, तेवढं क्रेडिट द्यायला हवं.

ऑफिसात एकाने सल्ला दिला होता की कॅन्सल वगैरे करायची गरजच नाही, सहा महिने बाहेर राहिलं की रेसिडन्सी आपोआप जाते. रेसिडन्सी जाते हो, पण लेबरचं रेकॉर्ड तसंच राहतं आणि मधल्या काळात कंपनीने अ‍ॅबस्कॉन्डिंग, म्हणजे न सांगता काम सोडून पळाल्याची तक्रार, टाकलं तर परत येताना निस्तरत बसा.

मग घ्यावं का हे पॅकेज? फॅमिली व्हिसावर असेल आणि घर स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेलं असेल तर घ्या, धावपळ वाचते. फ्री झोनमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेल्या भागात, नोकरी असेल तर आधी तुमच्या झोनला विचारा, तिथलं कॅन्सलेशन झोनच्या पोर्टलवरून होतं आणि या सेंटरवाल्यांना त्यातलं फारसं कळत नाही. आणि एकटे राहत असाल, घर कंपनीचं असेल तर एक दिरहमही घालवू नका, कंपनीचा पीआरओ पुरतो, फक्त लेबर आणि रेसिडन्सी दोन्हींच्या कॅन्सलेशनची पीडीएफ त्याच्याकडून मेलवर मागून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा पुसट फोटो चालवून घेऊ नका.